फरहतची नोकरी

दाखला देण्यात येतो की, श्रीमती सत्यशीला भुजंग शेजूळ, वय अंदाजे चाळीस, राहणार बदनापूर, शिक्षण सातवी (उत्तीर्ण), व्यवसाय बियाणे निवडणे, ह्या येथील सार्वजनिक वाचनालयाच्या नियमित वर्गणीदार आहेत. त्या पुस्तके मुदतीत परत करतात. पानांचे कोपरे दुमडत नाहीत. समासात मजकूर लिहीत नाहीत. त्यांचे मत तोंडी असते व ते त्या मागितले नसताही देतात. सबब त्यांची गणना 'जागरूक वाचक' ह्या वर्गात करण्यास हरकत नसावी.

असा दाखला कुणी दिलेला नाही. पण द्यायची वेळ आली असती, तर वाचनालयाच्या कारकुनाने तो साधारण असाच लिहिला असता आणि शेवटच्या ओळीपाशी थोडा थांबला असता.

१९९४ साली सत्यशीलाबाई नवीन जालन्यातल्या एका बियाणे कंपनीच्या गोदामात कामाला होत्या. सकाळच्या पॅसेंजरने जायचं, दिवसभर सूप पुढ्यात घेऊन भेंडीच्या बियाण्यातले फुटके आणि पोचट दाणे बाजूला काढायचे, संध्याकाळी परतायचं. ह्या कामाला डोळे आणि हात लागतात, तोंड लागत नाही. ते रिकामं राहू नये म्हणून बायकांनी तिथं एक रिवाज पाडला होता. जिचं जे पुस्तक चालू असेल, ते तिने सांगायचं. चालूच पाहिजे. वाचून संपलेल्या पुस्तकावर बोलायला बंदी होती. ज्याला शेवट ठाऊक असतो तो मत देत नाही, निकाल देतो, असा त्यामागे विचार होता. किंवा नसेलही, पण बंदी होती.

सांगणाऱ्या मुख्य दोघी. सत्यशीलाबाई वाचनालयातल्या मराठी कादंबऱ्या सांगत. त्यांच्याच गल्लीतली मैमूना उर्दू मासिकात क्रमशः येणारी कादंबरी सांगे. मासिक तिला हैदराबादेहून नणंद पाठवी. एकीला दुसरीची लिपी वाचता येत नव्हती, त्यामुळे दोघींची एकमेकींच्या साहित्याबद्दलची मतं अतिशय ठाम होती.

"दीडशे पानं झाली," सत्यशीलाबाई एका कादंबरीबद्दल सांगत, "ही बाई खिडकीत उभी राहून आभाळ बघून राह्यली. नवरा कामाला गेल्ता, लेकरं शाळेत गेल्ती. मंग हिच्या घरी पाणी कोन भरतं?"

"मोलकरीण असंल, अक्का."

"मंग त्या मोलकरणीवर का न्हाई लिव्हलं? ती तरी हालून राह्यली असंल."

सुपरवायझर वसंतराव ह्या सगळ्याकडे कानाडोळा करीत, कारण त्यांना एक गोष्ट कळून चुकली होती. रडण्याच्या प्रसंगाला बायकांचे हात थांबत, भांडणाच्या प्रसंगाला दुप्पट चालत. ट्रक भरायचा असला की ते दारातूनच म्हणत, "बाई, आज जरा भांडणाचं काही असलं तर बघा."

त्या वर्षी मैमूनाच्या मासिकात फरहत नावाच्या मुलीची कथा सुरू झाली. फरहत हुशार, बारावीला जिल्ह्यात पहिली. घरच्यांनी तिचं लग्न चुलतभावाशी ठरवलं. चुलतभावाचा एकमेव गुण म्हणजे त्याच्याकडे स्कूटर होती. पहिला हप्ता इथंच संपला, आणि सत्यशीलाबाईंनी सूप खाली ठेवलं.

"ती लिव्हणारी बाई शुद्धीवर हाय का? जिल्ह्यात पहिली आणली ती काय स्कूटरवर मागं बसायला? बिलकुल चालणार न्हाई. सांग तिला!"

मैमूना सांगणार कुणाला? लेखिका हैदराबादेत की कुठं, देवाला ठाऊक. पण पुढच्या महिन्यात फरहतने भरल्या घरात नकार दिला. गोदामात एकच कल्ला झाला. त्यापुढच्या महिन्यात तिने शाळेत नोकरी धरली. सासू व्हायची राहून गेलेली चुलती दारात येऊन भांडली, ते भांडण आठवडाभर पुरलं. वसंतरावांचे दोन ट्रक वेळेआधी गेले.

"बघा," सत्यशीलाबाई जिला तिला सांगत, "आपल्या मराठीतले लिव्हणारे कुणाचं ऐकत न्हाईत. ह्या बाईला चूक दाखवली, बराबर सुधारली तिनं."

त्याच सुमारास वाचनालयाचा वार्षिक कार्यक्रम आला. 'सध्या मी वाचत असलेले पुस्तक' ह्या विषयावर सभासदांनी बोलायचं, आणि ज्याचं बोलणं अध्यक्षांना पसंत पडेल त्याला वर्षभर ग्रंथ निवड समितीवर बसवायचं, अशी प्रथा होती. सत्यशीलाबाईंना ती जागा हवी होती. त्या जागेवर बसलेल्या माणसाच्या म्हणण्याने पुस्तकं विकत घेतली जात, आणि गेली काही वर्षं तिथं काकासाहेब बसले होते. काकासाहेब दर वर्षी एकाच थोर पुरुषाच्या चरित्रावर बोलत. ते त्यांचं चालू होतं. समितीवरही ते चरित्रंच मागवत. वाचनालयात कादंबऱ्यांचा एकच कप्पा होता आणि सत्यशीलाबाईंचा तो वाचून संपत आला होता.

"फरहतवर बोलणार म्या," कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी त्यांनी गोदामात जाहीर केलं. "अध्यक्ष कोन हायत म्हाईत हाय का? गयासोद्दीन मास्तर! उर्दूचा माणूस. जागा आपलीच."

बायकांनी टाळ्या पिटल्या. मैमूनाच्या हातातलं सूप कलंडलं.

संध्याकाळी जालन्याच्या फलाटावर मैमूनाने त्यांना बाकावर बसवलं.

"अक्का, दुसऱ्या पुस्तकावर बोला."

"का बरं?"

"मास्तरची बीवी अकबरबी हाय ना. मी वाचून झालं की अंक तिच्याकडंच जातो. मास्तरला वाचून दाखवती ती."

"मंग चांगलंच झालं की!"

"चांगलं काय, अक्का! फरहतचं लगीन झालं."

"कवा?"

"दुसऱ्याच हप्त्यात. स्कूटरवरच गेली सासरला. आता तिला दिवस गेले."



"आन शाळेतली नोकरी?"

"वो मैं दी," मैमूना म्हणाली. "मी तरी काय करू? तुम्ही सूप खाली ठेवलं. सगळ्या माझ्याकडं बघून राह्यल्या. मला लगीन लावताच येईना."

"चुलती दारात आल्ती ती?"

"ती आमच्या जाऊबाईची अम्मा."

पॅसेंजर आली. दोघी समोरासमोर बसल्या. बदनापूरला उतरताना सत्यशीलाबाई म्हणाल्या, "उद्या तू येऊन बस."

"तोबा! मी न्हाई येणार."

दुसऱ्या दिवशी वाचनालयाचा हॉल भरला. आधी काकासाहेब बोलले. चरित्राचा पूर्वार्ध संपत आल्याची सुवार्ता त्यांनी दिली. मग सत्यशीलाबाई उठल्या, पदर खोचला आणि म्हणाल्या, "म्या ज्याच्यावर बोलणार हाय ते म्या वाचलेलं न्हाई."

सभेत इतकी शांतता काकासाहेबांच्या भाषणात झाली नव्हती.

"मला उर्दू येत न्हाई. मैमूना सांगती, म्या ऐकते. त्यात एक हाय छापलेलं आन एक हाय सांगितलेलं. दोन्ही सांगते, मंग बोला."

आणि त्यांनी दोन्ही सांगितलं. स्कूटरवरून सासरी गेलेली फरहत सांगितली. मग भरल्या घरात न्हाई म्हणालेली फरहत सांगितली, चुलतीच्या भांडणासकट, चुलतीच्या आवाजात. लोक पुढं सरकून बसले.

काकासाहेब उठले. "अध्यक्षमहाराज, हरकत आहे. विषय 'वाचत असलेले पुस्तक' असा आहे. ऐकत असलेले नव्हे."

"काकासाहेब," सत्यशीलाबाई म्हणाल्या, "तुमचा थोर पुरुष चार सालापासून मॅट्रिकला बसून राह्यलाय. आमची फरहत तवर नोकरीला लागली."

हशा ओसरायला वेळ लागला. गयासोद्दीन मास्तरांनी चष्मा काढून पुसला.

"बाई, एक सवाल. मूळ लेखिकेनं लग्न लावलं. तसंही होतं दुनियेत. ती चूक कशी?"

"लावावं की, मास्तर. लग्नाला माझं काही म्हणणं न्हाई. पण मंग जिल्ह्यात पहिली आणली कशाला? पीठ मळून ठेवलं, तवा तापवला, आन जेवायला शेजारी गेली, असं झालं. एक तर मळू नका, न्हाईतर भाकरी करा. मैमूनानं भाकरी केली."

मास्तर उत्तर देणार तेवढ्यात बायकांच्या बाजूने अकबरबी उभ्या राहिल्या. मूळ कथा त्यांनी स्वतः छापील अंकातून वाचली होती, त्यामुळे सगळे जरा धास्तावले.

"वो सब ठीक है," अकबरबी म्हणाल्या. "नोकरी लगी ना उसकू? फिर? पगार घर में दी के नहीं?"

"अहो, पण छापील कथेत..." मास्तर म्हणाले.

"तुम चुप बैठो जी. वो मैं पढ ली."

सत्यशीलाबाईंनी शेवटच्या रांगेकडे बोट केलं. तिथं, दाराच्या आडोशाला, न येणारी मैमूना बसली होती. सगळी सभा तिच्याकडे वळली. तिला उठावंच लागलं.

"अभी," ती कशीबशी म्हणाली, "मी तिथपर्यंत आले न्हाई."

मग जे झालं त्याला वाचनालयाच्या इतिवृत्तात 'चर्चा' म्हटलं आहे. पगार आईच्या हातात द्यावा असा एक गट झाला. स्वतःजवळ ठेवावा, असा दुसरा झाला, आणि त्यात एरवी फक्त शेतीमासिक चाळणारे दोन पेन्शनर होते. कुणीतरी स्कूटर विकत घ्यावी म्हणालं, तिची तिने. अकबरबी खुर्चीवर चढायच्या बेतात होत्या. मास्तर टेबलावर डस्टर आपटत होते आणि मधूनच स्वतःचंही मत सांगत होते. काकासाहेबांनी सुद्धा, हरकत कायम ठेवून, मुलीने निदान पोस्टात खातं उघडावं असं सुचवलं.

मैमूना उभीच होती. ती एकेकाकडे बघत होती आणि मान हलवत होती. पुढचा हप्ता तिच्या डोळ्यांपुढं तिथंच छापला जात होता.

अध्यक्षांनी निकाल दिला, आणि आठवडाभराने त्याचा ठराव झाला: श्रीमती सत्यशीला शेजूळ यांची ग्रंथ निवड समितीवर सदस्य म्हणून व श्रीमती मैमूना शेख यांची निमंत्रित म्हणून नेमणूक करण्यात येत आहे; सदर सभासद नोकरीनिमित्त परगावी असल्याने समितीची बैठक यापुढे रविवारी भरवावी; तीत सर्व सदस्यांनी साधकबाधक विचारविनिमय करून ग्रंथखरेदीचा निर्णय एकमताने घ्यावा.

त्या वर्षीचे सगळे निर्णय एकमताने झाले. रविवारी बाकीचे सदस्य येत नसत.