'ताल मोडा' असं कोण म्हणालं?

भूत, संकेत, अंगात येणं... या थोतांडाविरुद्ध मी गावोगाव पत्रकं वाटलीत. आजही वाटते. तरी हे लिहितेय, कारण घडलेलं लपवणं हाही खोटेपणाच.

मला झुलत्या पुलांचं वेड आहे. दोन मनोरे, त्यांवरून ओढलेले पोलादी दोर, आणि सगळा ताण शेवटी काठांवर गाडलेल्या काँक्रीटच्या ठोकळ्यांवर! माणसाच्या बुद्धीला सलाम करावा अशी गोष्ट. सेनगाव तालुक्यातल्या आमच्या गावच्या नदीवरही असा एक आहे — छोटा, पायी जाण्यापुरता. पण गंजलेला. निवेदनं देऊन थकलो, तेव्हा गेल्या वर्षी एका सकाळी मोर्चाच काढला. त्याच पुलावरून.

एकेचाळीस माणसं. पुढे हलगी घेऊन धोंडूमामा, मधे माझी आई, शेवटी भोंगा घेऊन मी. हलगीवर घोषणा, घोषणेवर पावलं — सगळ्यांची एकदम. झुलत्या पुलावर तालात चालायचं नसतं. झोक्याला दर फेरीला धक्का द्यावा तसा तो जास्तच हेलकावतो. हे मला पाठ होतं. संतापाच्या भरात विसरले!

मधोमध पूल डोलायला लागला. मला चूक कळली, पण घशातून आवाज फुटेना. भोंगा हातातून सुटून कमरेला लोंबकळला... आणि हलगी थांबली. माणसं ताल सोडून, तार धरून, एकेक करत पलीकडे गेली.

पलीकडे मामा भडकलेच. "आधी ठेका मागतीस, मंग मधीच 'ताल मोडा, ताल मोडा' काहून वरडतीस?"

"मामा, मी काहीच बोलले नाही."

"म्हंजे आमी समदे बहिरे व्हय?"

सगळ्यांनी ऐकलं होतं. भोंग्यातून, माझ्याच आवाजात. फक्त मी नाही. चुलतबहिणीने काठावरून काढलेल्या व्हिडिओत घोषणा आहेत, पुलाची करकर आहे — ती हाक नाही. माझं तोंड उघडं आहे, नुसतं उघडं.

मग ठोकळ्याजवळ पाहिलं. दोर आवळून धरणाऱ्या लोखंडी पकडीतून तो बोटभर सरकला होता. गंजात तेवढाच तुकडा चकचकीत, म्हणजे नुकताच सरकलेला. अजून थोडं तालात चाललो असतो, तर...

आई म्हणाली, "आभार मान की, पोरी."

"कुणाचे?"

"नाव कळंपस्तोर थांबणार हाईस का?"

थांबले नाही. तिथेच हात जोडले. कुणाला, ते आजही सांगता येत नाही. भुताखेतांवर विश्वास अजूनही नाही, आणि या हाकेचा उलगडाही नाही. पण त्या दिवशी एकेचाळीस माणसं आपापल्या घरी जेवली.