दवाखान्यातली गिटार

महाडला माझा दातांचा दवाखाना आहे. बाहेरच्या खोलीत पेशंट बसतात, आतल्या खोलीत मी काम करते. मधलं दार उकाड्यामुळे उघडंच असतं, त्यामुळे आतलं बाहेर आणि बाहेरचं आत ऐकू येतं.

मुंबईच्या धाकट्या भावाने समुद्राच्या लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्या पोरांचा एक परदेशी सिनेमा पाहिला आणि त्यातली गाणी मला पाठवली. बहुतेक गाणी म्हणजे नुसती गिटार आणि एका माणसाचा सावकाश, सैलसर आवाज. भाऊ म्हणाला, "दवाखान्यात लाव. लोक घाबरणार नाहीत." इंटरनेटवर त्या गाण्यांखाली ऐकणाऱ्यांनी मतं लिहिली होती, ती मी वाचली. कुणाला रविवारच्या दुपारी लोळत पडल्यासारखं वाटलं होतं. कुणाचं म्हणणं, सगळी गाणी एकच आहेत, फक्त नावं वेगळी. मला दोन्ही पटलं, आणि मी ती लावली.

माझी मदतनीस तुडीलहून येते. पहिल्या दिवशी बराच वेळ ऐकून तिने विचारलं, "मॅडम, हा अजून सुरुवात कधी करणार?" एमआयडीसीतून पाळी संपवून थेट आलेला एक कामगार बाकावर बसल्या बसल्या झोपला. उठवल्यावर म्हणाला, गाणं चांगलं होतं.

त्या सुमारास उमरठच्या वरच्या वाडीतलं एक जोडपं येत होतं. आजींना कवळी बसवायची होती. आजोबा वाडीच्या भजनात पेटी वाजवायचे, गायचेही. मुलं मुंबईला, घरात दोघंच.

पहिल्याच खेपेला मी आजींच्या तोंडात कवळीचं माप घ्यायचा ओला मसाला घातला तेव्हा आजोबा बाहेरून म्हणाले, "ह्यात टाळ नाय, मृदुंग नाय. मानूस गातोय का कुनाशी हळू बोलतोय?"

आजींना बोलता येत नव्हतं. त्यांनी थांबा म्हणून हात वर केला. मसाला घट्ट झाल्यावर मी साचा काढला, त्यांनी चूळ भरली आणि दाराकडे तोंड करून म्हणाल्या, "मला आवाडलं. ह्यात कोन वरडत नाय."

बाहेरून आजोबा म्हणाले, "तुला काय कळतंय गो त्यातलं?"

"नाय कळत. म्हनून तर बरं हाय."

पुढच्या खेपेला आजोबा आत येऊन दाराशी उभे राहिले. हे गाणं कशावरचं आहे, असं त्यांनी मला विचारलं. मी लाटांवरच्या पोरांबद्दल सांगितलं.

"पडत नायत?"

"पडतात. परत चढतात."

"मग गान्यात तो घोर कुठं हाय? बुडनारा मानूस असा गात नाय."

मी म्हटलं, कदाचित किनाऱ्यावर परत आल्यावर गात असतील. त्यांनी मान हलवली, पण पटल्याचं दिसलं नाही. ते खाली चहाला गेले. आजींचं काम झालं होतं, तरी त्या ते गाणं संपेपर्यंत खुर्चीतून उठल्या नाहीत. मीही उठवलं नाही. पुढचा पेशंट अजून आला नव्हता.

कवळी बसवली त्या दिवशी मी त्यांना मोठ्याने काहीतरी म्हणायला सांगितलं, नव्या दातांनी उच्चार कसे होतात ते बघायला. बहुतेक लोक आकडे म्हणतात. आजींनी गिटारीबरोबर सूर धरला. शब्द नव्हतेच, नुसतं गुणगुणणं, मधेच दातांतून वारा सुटत होता.

"खाली लागलाय सूर," बाहेरून आजोबा म्हणाले.

"लागू दे," आजी म्हणाल्या आणि तशाच गुणगुणत राहिल्या. या खेपेला आजोबा चहाला गेले नाहीत.

पावसाळ्यानंतर आजोबा एकटे आले. त्यांची दाढ दुखत होती. खुर्चीत बसता बसता म्हणाले, "म्याडम, तेवढं ते बंद करा." मी बंद केलं.

"पोरानं हीच गानी तिच्या फोनात घालून दिलीत," ते म्हणाले. "सकाळी चुलीपाशी लावते. मी पेटी घेऊन पडवीत बसतो. पयल्यासारखं तिथं येऊन बसत नाय ती."

मी विचारलं, त्यावरून भांडण होतं का?

"भांडान कसलं? आता मी मधलं दार लावून घेतो," म्हणाले आणि त्यांनी तोंड उघडलं. दाढ पार किडली होती. ती काढावी लागली.

पुढे मदतनीसने हळूहळू जुनी सिनेमाची गाणी लावायला सुरुवात केली. मी आडकाठी केली नाही, आणि ती गिटार का बंद झाली, असं पेशंटांपैकीही कुणी विचारलं नाही.