पुढचं वचन माझं होतं

माझी बायको जन्मभर माझ्याबरोबर राहिली आणि हे ऐकल्यावाचून गेली. मुलांना ठाऊक नाही. आमच्या चर्चच्या मंडळीत एकामागून एक किती पाळक आले नि बदलून गेले, त्यांतल्या एकालाही मी हे सांगितलेलं नाही. देवाला सांगितलं असेल ना, असं तुम्ही म्हणाल — पण त्याला काय सांगायचं? तो तिथेच होता. तुम्हाला सांगतोय, कारण तुमची माझी ओळख नाही आणि उद्या रविवारी तुम्ही माझ्या शेजारी येऊन बसणार नाही. बघा, सुरुवातीलाच भित्रेपणा आला.

मी स्तोत्रं वाचतो. रोज, सकाळी, मोठ्याने. ग्वाल्हेरात आम्ही मराठी ख्रिस्ती आता मूठभर उरलो आहोत, पण कोणाकडे मयत झाली की अजून मलाच बोलावतात. ‘पवारकाकांना बोलवा, त्यांच्या तोंडून स्तोत्र ऐकलं की बरं वाटतं.’ आवाज चांगला आहे माझा, वडिलांकडून आलाय. लोकांना तो विश्वासाचा आवाज वाटतो. मी त्यांना तसं वाटू देतो — वाटू देणं ही माझी जुनी खोड आहे, ते पुढे येईलच.

तुम्ही कधी बायबलातली स्तोत्रसंहिता सलग वाचली आहे का? भिंतीवर लावायची चार गोड वचनं नव्हे — सगळी. निम्मं पुस्तक रडगाणं आहे हो. देवा, किती वेळ लावशील, तोंड का फिरवलंस, हे वैरी बघ, यांचे दात पाड, यांची पोरं उघड्यावर पडू देत. आजचे पाळक ही शापाची वचनं गाळतात. प्रभूने शत्रूवर प्रीती करायला सांगितली, मग आपण हे कसं म्हणायचं? बरोबर आहे त्यांचं. मी मात्र गाळत नाही. का, ते सांगतो. जरा धीर धरा, मला थेट तिथे जाता येत नाहीये.

गंमत अशी की स्तोत्र वाचणारा प्रत्येक माणूस छळलेल्याच्याच जागेवर जाऊन बसतो. मी गरीब बिचारा आणि माझ्याभोवती लबाड जिभेचे लोक! वैऱ्याच्या जागी बसून स्तोत्र वाचलेला एक तरी माणूस मला दाखवा. मीही पुष्कळ वर्षं वैऱ्यांच्या जागी नावं भरत आलो — कधी ऑफिसातला कोणी, कधी धाकटा मेहुणा. एक नाव तेवढं भरलं नाही.

आईबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. माझे वडील दरबारच्या फौजेच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवायचे. आई नगरकडची, लग्न होऊन इकडे आली, शिंदे की छावनीत दोन खोल्यांत संसार थाटला. मी लहान असतानाच वडील गेले आणि आईने शिवणाचं मशीन घेतलं. तिला अक्षरओळख नव्हती. पण उपासनेत तेव्हा स्तोत्र आलटूनपालटून म्हणायची पद्धत होती — एक वचन पाळकांनी वाचायचं, पुढचं सगळ्या मंडळीने मिळून म्हणायचं. आईने स्तोत्रं शिकली ती अशी, कानाने, मंडळीबरोबर म्हणून म्हणून. त्यामुळे तिला मंडळीची वचनं तेवढी पाठ. पाळकांची एकही नाही. प्रत्येक स्तोत्र तिच्याजवळ अर्धंच होतं.

उरलेलं अर्धं घरी वडील वाचायचे, ते गेल्यावर मी. संध्याकाळी ती मशीनवर बसलेली, पाय चालू, आणि मी दाराशी पुस्तक घेऊन. मी एक म्हणायचं, तिने दुसरं. हायस्कुलात गेल्यावर मला शिकवायची हौस आली. म्हटलं, आई, माझीही वचनं पाठ करून टाक, म्हणजे कोणावर अडणार नाही. ती दोरा दाताने तोडत म्हणाली, “ते तुझं हाये. सगळंच मला आलं, तर तू कशाला लागशील मला?”

मेंढपाळाचं स्तोत्र तुम्हाला माहीत असेल, ख्रिस्ती नसलात तरी ऐकलं असेल. सहाच वचनं. परमेश्वर माझा मेंढपाळ — हे माझं. हिरवं कुरण आणि संथ पाणी तिचं. मग जीव ताजा करतो, नीट वाटेने नेतो ते माझं. मरणाच्या काळोख्या दरीतून जाताना भिणार नाही, तू सोबत आहेस, हे तिचं. आणि त्यानंतर वैऱ्यांच्या देखत देव ताट वाढतो, डोक्याला तेल लावतो, पेला भरून वाहतो — ते पुन्हा माझं. दरीनंतर माझी पाळी असते. एवढं लक्षात ठेवा.

संस्थान विलीन झालं तेव्हा मी दरबारच्या कचेरीत कारकून होतो. तिथे सगळे मला ओळखायचे, बँडवाल्या पवारांचा मुलगा म्हणून. मग मध्यभारत नावाचा प्रांत झाला, कचेऱ्या एकमेकींत मिसळल्या, आणि मी गेलो ते ऑफिस नव्या लोकांचं — इंदूरचे, उज्जैनचे, रतलामचे. पहिल्याच आठवड्यात एकाने माझं नाव विचारलं. वसंत पवार. “अच्छा, मराठे हो! किसी सरदार के ख़ानदान से?” मी हसलो. बाकी काही केलं नाही हो मी, नुसता हसलो. खोटं एक अक्षर बोललो नाही. पण एकदा हसलं की दुसऱ्या दिवशीही हसावं लागतं, आणि तिसऱ्या दिवशी माणूस त्यांच्यातला होऊन बसतो. रविवारी उपासनेला जाताना कोणी बघेल म्हणून मी घरी कामं काढू लागलो. आई टांग्याने एकटी जायची.

मला कोणी धमकी दिली होती का? नाही. कोणी विचारलंसुद्धा नाही. ख्रिस्ती म्हणजे इंग्रजांची माणसं, आता जातील त्यांच्या मागोमाग — असं एकदा माधवगंजात चहाच्या टपरीवर दोघे बोलत होते, मला उद्देशून नव्हे. मला तेवढं पुरलं. पुढे नवा प्रांत होणार, राजधानी भोपाळला जाणार, अशी बोलणी सुरू झाली. कोण भोपाळला जाणार, कोण जास्तीचा ठरणार! आमचे सुपरिंटेंडेंट दुबे साहेब. त्यांच्या शब्दाला वजन होतं. मला भोपाळ हवं होतं. इतकं हवं होतं की मी त्यांना घरी चहाला बोलावलं.

बाहेरच्या खोलीत एक कॅलेंडर असायचं, क्रूसाचं चित्र आणि खाली वचन. ते आले त्या दिवशी सकाळपासून मी त्या भिंतीकडे बघत होतो. काही बोललो नाही. दुपारी बघतो, तर कॅलेंडर आत स्वयंपाकाच्या खोलीत. आई म्हणाली, तिकडे ऊन येतं, रंग उडतो. त्या भिंतीवर ऊन येत नव्हतं. मी बरं म्हणालो.

त्याच हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. सरकारी इस्पितळात ठेवलं. ताप होता, पण शुद्ध पक्की होती — हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. दुपारची वेळ. तिने खुणेने स्तोत्र मागितलं. मी खाटेवर वाकून हलक्या आवाजात सुरुवात केली. मेंढपाळ मी म्हटला, कुरण तिने. तिसरं मी. चौथं तिने घेतलं, थांबत थांबत, दम लागत होता. दर दोन शब्दांना श्वास. काळोखी दरी तिने अशी एकेक पाऊल टाकत ओलांडली आणि माझ्याकडे पाहिलं. आता माझी पाळी होती.

आणि खाटेच्या पायथ्याशी दुबे साहेब उभे होते. हातात मोसंब्यांची पिशवी. भला माणूस, कारकुनाच्या आईला बघायला आला होता. हात जोडून म्हणाले, “माताजी भजन कर रही हैं?”

किती सोपा प्रश्न! नुसतं हो म्हटलं असतं तरी भागलं असतं. भजनच होतं की ते. त्यात क्रूस नव्हता, येशूचं नाव नव्हतं. पण पुढचं वचन मला म्हणावं लागलं असतं, ती वाट बघत होती — आणि मी म्हणालो, “नहीं साहब, बुखार दिमाग़ में चढ़ गया है। कुछ भी बड़बड़ाती हैं।”

माझी आई इतकी वर्षं ग्वाल्हेरात राहिलेली. तिला हिंदी कळत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही. तिने माझ्याकडे बघितलं. मग डोळे मिटले, तोंड थोडं उघडं टाकलं आणि तापाने भान हरपलेल्या माणसासारखी पडून राहिली. साहेब बसले होते तोवर तशीच. माझं खोटं उघडं पडू नये म्हणून ती ते सोंग करत होती. तेव्हाही मला कळलं होतं, आताच कळलं असं नाही. साहेबांनी जाताना तिच्या कपाळावर हात ठेवला आणि स्वतःची आई आठवून डोळे पुसले.

मी ख्रिस्ती आहे हे पुढे ऑफिसात कळलंच. अशी गोष्ट कुठवर लपते? नाताळच्या दुसऱ्या दिवशी दुबे साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, पवार, आमचा केक कुठे आहे? बस. एवढंच झालं. ज्याच्या भीतीने मी आईच्या तोंडची प्रार्थना बडबड ठरवली, त्याला केक हवा होता. भोपाळच्या बदलीतही त्यांनीच माझं नाव घातलं; नोकरी संपल्यावर मी ग्वाल्हेरला परत आलो.

तर शापाची वचनं मी का गाळत नाही, हे आता कळलं असेल. वैऱ्यांच्या देखत ताट वाढतो, असं त्या स्तोत्रात आहे. त्या दुपारी खाटेपाशी वैरी कोण होता? दुबे साहेब नव्हते. त्या पुस्तकातला लबाड जिभेचा माणूस आला की मी आवाज खाली आणत नाही, त्याच्यावरचा शाप पुरता वाचतो. मयताच्या घरी बसलेले लोक म्हणतात, काका किती मनापासून वाचतात.

इथे थांबता आलं असतं. घाबरलो, एका क्षणाची गोष्ट होती, प्रभूचा शिष्य पेत्र, त्यानेही भीतीपोटी प्रभूला नाकारलं होतं — मी स्वतःला आजवर एवढंच सांगत आलो. पण हे झालं अर्धं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पुन्हा तिच्याजवळ बसलो होतो. शेजारची खाट सकाळीच रिकामी झाली होती, पलीकडची म्हातारी ठार बहिरी, नर्स बाहेर व्हरांड्यात. आई जागी होती. रात्रभर मला झोप नव्हती, वाटलं आता म्हणावं. वाकून तिच्या कानाशी मी माझं राहिलेलं वचन सुरू केलं — ताट वाढतो, एवढेच शब्द झाले असतील. तिने हात उचलून माझ्या तोंडावर ठेवला. हात तापलेला होता, बोटांच्या टोकांना सुया टोचून टोचून घट्टे पडलेले.

“राहू दे, वसंता,” ती म्हणाली. “कोणी ऐकून घेईल.”

ऐकायला तिथे कोणी नव्हतं. हात बाजूला करायला किती ताकद लागली असती? ती माझ्यासाठी घाबरली होती, आणि मला — खरं तेच लिहितो — मला सुटल्यासारखं वाटलं. मी पुस्तक मिटलं. ती दुसऱ्या दिवशी पहाटे गेली, आणि मधल्या सगळ्या वेळात मी तिला पाणी पाजलं, पांघरूण सारखं केलं, पाय चेपले, पण ते वचन म्हटलं नाही.