टेबलावरचे दोन झेंडे

सेनगावच्या एका कॉलेजात मी राज्यशास्त्र शिकवते. आंतरराष्ट्रीय संबंधांच्या पेपरात शस्त्रव्यापारावर एक प्रकरण आहे. मोठे देश आखाती देशांना विमानं, क्षेपणास्त्रं का विकतात, त्यात तेल किती आणि मैत्री किती, यावरची माझी टिपणं वर्षानुवर्षं तीच होती.

तीनेक वर्षांमागं हाच तास चालू असताना दाराशी एका मुलीचे वडील आले. तालुक्यातल्याच गोरेगावकडचे, घरी शेळ्यामेंढ्या. मुलीच्या फॉर्मवर माझी सही हवी होती. मी त्यांना मागच्या बाकावर बसायला सांगितलं. मुलगी तिसऱ्या बाकावर होती. तिनं मान खाली घातली.

तास संपत आला तसा मागून आवाज आला, "मॅडम, एक बोलू का? असा सौदा म्या पाह्यला हाय."

पोरं हसली. खरं तर माझाही विश्वास बसला नाही.

"सहा वर्षं आखातात हाटेलात होतो," ते म्हणाले. "मोठ्या बैठकीची टेबलं आमीच लावायचो."

मी त्यांना पुढं बोलावलं. चपला भिंतीशी काढून ते आले आणि माझ्या टेबलावर त्यांनी दोन खडू उभे केले. "हे दोन देशांचे झेंडे. पट्टीनं मोजून लावायचे. एक जरा उंच झाला तर पाहुणे उठून जातेल, अशी तंबी होती." मग मधे डस्टर ठेवलं. "अन् हे क्षेपणास्त्र. काचेच्या पेटीत, खेळण्यावानी. खरं कुठं होतं, कोणाला ठाऊक."

"तीन दिवस बोलणी चालली. मला इंग्रजी चहापुरतंच. पण 'फ्रेंडशिप' कळायचं, ते सारखं यायचं. दुसऱ्या दिवशी विकणाऱ्यांनी एक कागद पुढं सरकवला. हे हत्यार अमक्या ठिकाणी वापरायचं न्हाई, असं त्यात होतं, हे आमच्या मॅनेजरनं मागून सांगितलं. घेणारे उठून गेले. दुपारपर्यंत खुर्च्या रिकाम्या. सांजच्याला कागद बदलून आला, अन् समदे पुन्हा हसत बसले."

एका पोरानं विचारलं, "तुमाला भेव न्हाई वाटलं?"

"मला कशाचं? पण माझ्यासंगं एक गडी होता, दुसऱ्या देशातला. त्याची बहीण लगीन होऊन शेजारच्या मुलखात दिलेली. तिथं लढाई पेटलेली, अन् या घेणाऱ्यांचीच विमानं तिथं बॉम्ब टाकून राहिली होती. बहिणीचा नवरा त्यात गेला. त्याच आठवड्यात ही बैठक. त्यानं समद्यांना चहा वाढला. एकाचाबी कप वाजला न्हाई. एक झेंडा जरा कलला होता, तो बी सरळ केला."

त्यांनी घोटभर पाणी मागितलं. त्यांच्या मुलीनंच उठून बाटली दिली.

"बाहेर आल्यावर म्या त्याला म्हनलं, काहून गेला रे आत? तकलीफ सांगितली असती तर मी वाढला असता. तर म्हणे, मला त्यांची तोंडं पाहायची होती. म्या म्हनलं, कशी होती? म्हणे, चांगली होती. एकजण फोनवर लेकराला झोपवू राहिला होता."

फळ्यावर मी 'सत्तासमतोल' लिहिलं होतं. मला त्या शब्दाकडं पाहवेना. इतक्या जवळून हे पाहिलेला माणूस गोरेगावच्या जीपनं माझ्या वर्गात येईल, असं मला कधी स्वप्नातही वाटलं नव्हतं. पोरांसमोर मी त्यांना हात जोडले. ते एवढे अवघडले की चपला घालायच्या विसरून व्हरांड्यापर्यंत अनवाणीच गेले.

सही करून देताना मी विचारलं, "त्या माणसाचं पुढं काय झालं?"

"हाय की. गावी गेला परत. बहीण लेकरं घेऊन त्याच्याकडंच आली. शेरडं राखतेत आता. मागं पिल्लं हगवणीनं मरू लागली तर मलाच फोन केला त्यानं. मोडक्या हिंदीत सांगितलं समदं. पाच वाचली म्हणे."

मुलगी पिशवी घेऊन त्यांच्या बाजूला येऊन उभी राहिली. जीप भरत आली होती. दोघं निघाली.