पर्बताआत्याची गादी

पर्बताआत्यासमोर बातमी सांगायची सोय नव्हती. बातमी लग्नाची असो नाहीतर मयतीची, ती आधी हातातली वात खाली ठेवायची (तिचे हात रिकामे कधी नसत, कापूस ओढून वाती वळणं चालूच असे) आणि डोळे बारीक करून विचारायची, "कोनं सांगतलं?" आपण नाव सांगितलं की पुढचा प्रश्न, "त्याले कोनं सांगतलं?" तिथवर आपण टिकलो, तर ती चपला शोधायला लागायची. "चाल, इचारून येऊ." बातमी ज्याने आणली त्याला सोबत जावंच लागे.

मी लग्न होऊन अमरावतीहून तेल्हाऱ्याकडच्या या गावात आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात सापडले. नळावर कुणीतरी बोललं ते मी घरी येऊन सांगितलं, उद्या पाणी येणार नाही म्हणे. आत्या शेजारच्या अंगणात होती. माझ्या हातात हिरवा चुडा, अंगावर कोरी साडी, डोक्यावर पदर, अशा नव्या नवरीच्या अवतारात तिने मला अर्ध्या गावातून फिरवत पाणी सोडणाऱ्या माणसाच्या दारात नेऊन उभं केलं. तो जेवत होता. म्हणाला, येणार आहे पाणी, कोण म्हणतं नाही येणार? परत येताना आत्या म्हणाली, "गोष्टीले घर असते, सूनबाई. कोन्या न कोन्या घरून निंगालीच असते. त्या घरापर्यंत गेल्याबिगर तिले आपल्या घरात घेऊ नये." मला रडू येत होतं. म्हातारी खडूस आहे, असं मी सासूबाईंना सांगितलं. सासूबाई म्हणाल्या, "खडूस नाई व, चिकट हाये. सवय होईन तुले." झाली सवय.

ती सगळ्या गावाची आत्या, कारण ती गावचीच लेक आणि गावातच दिलेली. माहेर वरच्या आळीत, सासर खालच्या. "मले रुसाची बी सोय नोती," ती सांगायची. "रुसून माहेरी गेली तं बुढ्याच्या खोकल्याचा आवाज तठी ये. मंग कशाचा रुसवा? काढा कराले वापस." बुढा म्हणजे तिचे यजमान, गणपतबुवा. दम्याचे जुने रोगी. दोघांचं दिवसभर भांडण चाले, आणि ज्या दिवशी आवाज नसे त्या दिवशी आम्ही शेजारी काळजीने डोकावून यायचो. करोनाचं नावही गावात कुणी ऐकलं नव्हतं, त्या हिवाळ्यात बुवा घरच्या घरी, आपल्या गादीवर गेले. आत्या रडली, पण मोजकंच. तेराव्यानंतर पुन्हा वाती वळायला बसली.

मग तो आजार आला, आणि त्याच्याआधी त्याच्या गोष्टी आल्या. कुठल्याशा गावात वासरू जन्मताच बोललं, म्हणे दाराला लाल मिरच्या बांधा, तरच घर वाचेल. झालं, साऱ्या आळीत मिरच्या टांगल्या गेल्या. सासूबाईंनीही बांधल्या, मी शिकलेली, तोंडाने हसले आणि गाठ मात्र नीट बसली की नाही ते पाहून घेतलं. वासरू हिवरखेडचं म्हणे, म्हणून आत्याने मला तिथल्या भाचीला फोन लावायला सांगितला. भाची म्हणाली, वासरू तेल्हाऱ्याचं. तेल्हाऱ्यात विचारलं, तर ते म्हणाले हिवरखेडचं. आत्याने फोन माझ्या हातात दिला. "वासरू दोन गावच्या मधात जलमलं असन. मिरच्या सोड आन फोडनीले घाल." त्या दिवशी आळीतल्या घराघरांत ठसका उठला आणि खूप दिवसांनी माणसं एकमेकांच्या खोकल्याला हसली.

दुसऱ्या वर्षी मात्र हसू आटलं. अकोला, अमरावती पुन्हा बंद झाली. रस्त्यावरून ॲम्ब्युलन्स गेली की लोक खिडक्या लावून घेत, जणू आवाजातूनच आजार आत येईल. ओळखीची माणसं खरंच जात होती, म्हणून खोट्या गोष्टीही खऱ्याच वाटत. आणि अशातच एका सकाळी सासूबाई दुधाचं भांडं घेऊन आल्या त्या कुजबुजतच. रशीदभाई म्हणे अकोल्याच्या दवाखान्यातून मेलेल्या माणसांच्या गाद्या आणतो, फोडतो, आणि तोच कापूस पिंजून आपल्या गाद्यांत भरतो.

रशीदभाई म्हणजे आमच्या गावचा गादीवाला. बापाच्या काळी खांद्यावर धनुकली घेऊन दारोदार कापूस पिंजायचे, याने मशीन घेतली. गावातल्या प्रत्येक लेकीच्या लग्नातली गादी याच्याच हातची. गोष्ट फुटली आणि दोन दिवसांत त्याच्या दुकानावरून जाणं लोकांनी बंद केलं. दूधवाला त्याच्या दारी थांबेना. त्याची बायको शमीम कापसाच्या धुळीने वर्षानुवर्षं खोकायची, तो खोकला आता लोक भिंतीआडून ऐकू लागले. तिसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी ठरवलं, आज संध्याकाळी पारावर बसायचं, सरपंचासमोर सांगायचं, आणि दुकानातला सगळा कापूस जाळून मशीन कायमची बंद करायची. मशीन गेली तर रशीदभाईला गाव सोडण्यावाचून दुसरा रस्ता नव्हता.

सासूबाईंनी हे सगळं आत्याला सांगितलं, तशी तिने वात खाली ठेवली. "कोनं सांगतलं?"

सासूबाई म्हणाल्या, मधू किराणावाल्याने. आत्या मला म्हणाली, "तोंडाले बांध आन चाल." मधू आपल्या बंद शटरच्या फटीतून बोलला. त्याचा मेहुणा त्या वेळी अकोल्यात दवाखान्यात होता, मधूचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. तो म्हणाला, "मागच्या आळीतली सुमन सांगत होती, मेलेल्या मानसाची गादी रशीदभाईकडं गेली म्हनून. आता मेलेलं मानूस म्हंजे अकोल्याचंच नाई का, आत्या? दुसरं कोठी मरून राहिले लोक?" गोष्टीत अकोला कुठून आलं ते मला तिथेच कळलं. भीतीने आणलं.

सुमनचं घर आत्याच्या घराच्या मागे. ती फाटकाशी आली, पदर नाकावर धरून. आत्याने विचारलं तशी ती खाली बघायला लागली. आत्याने पुन्हा विचारलं.

"म्या अकोल्याचं नाव नाई घेतलं, आत्या. म्या इतकंच म्हनलं, मेलेल्या मानसाची गादी दुपारी गुपचूप दुकानात जाताना पाह्यली."

"कोनाची?"

"तुमच्या बुढ्याची. तुमच्याच मागच्या दारातून निंगाली."

आत्या फाटकाला धरून उभी राहिली. मला तिची दया आली, खोटं कशाला सांगू. आमच्याकडे माणूस ज्या गादीवर जातं ती गादी घरात ठेवत नाहीत. कुणाला तरी देतात, नाहीतर गावाबाहेर नेऊन टाकतात. आत्याने बुवांची गादी टाकली, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. आता तिनेच सांगितलं, ती तिने वर्षभर माळ्यावर लपवली होती. वर्ष सरल्यावर बंदच्या दिवसांत, गल्ली ओस असताना, मागच्या दाराने ती रशीदभाईकडे नेली आणि पिंजून आणली. रोज ती त्याच गादीवर झोपत होती.

घरी नाही गेली ती. तडक रशीदभाईच्या दुकानावर. तो अर्ध्या उघड्या दारात, बंद मशीनला टेकून बसला होता. आम्हाला पाहून उठला आणि मागे सरकला, आपल्यापासून आम्हाला काही होऊ नये म्हणून.

"तुले माईत होतं कोनाची गादी होती," आत्या म्हणाली. "तुह्या पोटावर पाय येऊन राहिला, आन तू मुका बसला?"

रशीदभाई म्हणाला, "तुमीच बोलल्या होत्या ना आत्या, कोनाले सांगू नको. मी जबान दिली होती."

परतताना मी तिला समजावलं. म्हटलं आत्या, तुम्ही बोलू नका, मी सांगते पारावर की गोष्ट खोटी आहे, सुमनही गप्प बसेल. तुमचे पुतणे, भाऊकी, काय काय बोलतील तुम्हाला. तिने माझ्याकडे असं पाहिलं की वाटलं, आपण अमरावतीला परत जावं. "दुसऱ्याच्या घरापर्यंत माहे पाय चालले, आन आपल्या घरापाशी लंगडी होऊ काय मी?"

संध्याकाळी पारावर माणसं लांब लांब उभी होती. रशीदभाई लिंबाखाली एकटाच. कुणीतरी बोलायला सुरुवात केली तेवढ्यात आत्या आली. डोक्यावर गादीची वळकटी, तिचं मागचं टोक माझ्या हातात. तिने ओट्यावर गादी अंथरली, निळ्या पट्ट्यांची, कडेने दुहेरी टाका घातलेली.

"जे मेलेल्या मानसाची गादी म्हनून राहिले तुमी, ते हे. माह्या बुढ्याची. दवाखान्यातून नाई, माह्या माळ्यावरून आली. रशीदनं आपल्या मनानं नाई पिंजली, म्या लपवून नेली. त्याले म्हनलं, बोलू नको, तं नाई बोलला बिचारा."

तिचा पुतण्या पुढे आला. म्हणाला, काकू, अशुभ असते हे, भाऊकीत काय तोंड दाखवायचं आम्ही? आत्या ओट्यावर टेकली. इतका वेळ मोठा असलेला तिचा आवाज आता साधा झाला.

"लगनाच्या साली वावरात सीतादही केलं. दही-भाताचा निवद दाखवला आन कापसाची पह्यली वेचनी म्या आन बुढ्यानं केली. तो कापूस त्यानं इकला नाई. सरकी आमी दोघांनी हातानं काढली, बोटं फाटली. त्याची हे गादी. अख्खा संसार हिच्यावर झाला, बाबू. अर्धा कापूस माह्या हातचा हाये. बुढा मेला, मी कोठी मेली? मंग माही गादी मी काहून फेकू?"

मग मधूच खाकरला. त्याच्या मेहुण्याला पाहायला तो दवाखान्यातल्या वॉर्डाच्या काचेपर्यंत जाऊन आला होता. "तसं पाह्यलं तं," तो हळूच म्हणाला, "दवाखान्यातली गादी रेक्झिनची असते. आत फोम. कापूस नसतेच तिच्यात."

"मंग इतके दिवस काहून नाई बोलला?" सरपंच भडकले.

"ध्यानातच नाई आलं. गादी म्हनलं का मले कापूसच दिसते."

खरं तर आमच्यापैकी कुणाच्याच ध्यानात आलं नव्हतं. दवाखाने पाहिलेल्या माझ्याही नाही. कापसाच्या गावातली माणसं आम्ही, गादी म्हटली की कापूस, याच्यापुढे आमची भीतीसुद्धा जात नव्हती. आत्या मात्र अजून संपली नव्हती. ती त्या गादीवर चक्क आडवी झाली, साऱ्या गावासमोर, पदर नीट करून. "कापूस जाळाचा असन तं हिच्यापासून सुरू करा. मी उठत नाई."

कुणी काडी ओढली नाही. पोरं एकेक करून पांगली. सरपंच रशीदभाईला म्हणाले, उद्यापासून दुकान उघड. रशीदभाईने मान हलवली आणि आत्याची गादी गुंडाळायला पुढे आला. कुणी त्याला अडवलं नाही. दुसऱ्या सकाळी मशीनचा आवाज आला तेव्हा सासूबाई मला म्हणाल्या, "आपली बी गादी लय दबली व, देऊन ये." चूक कबूल करायची त्यांची हीच रीत.

आत्या आजाराच्या त्या वर्षांतून सहीसलामत निघाली. यंदा उन्हाळ्यात गेली, म्हातारपणाने, त्याच गादीवर, बोटांत अर्धी वळलेली वात होती. तेराव्याला तिचा मुलगा पुण्याहून आलेला, गोंधळून माझ्याकडे बघत म्हणाला, वहिनी, गादीचं काय करायचं? पुतणे ती गावाबाहेर टाकून यायच्या तयारीने फाटकाशी उभे होते. मी म्हटलं, मला द्या. कुणाला तरी द्यायचीच असते ना?

मी ती मागच्या दाराने नाही नेली. पुढच्या दाराने, भर दुपारी, बाजाराच्या रस्त्याने निघाले. वजनाने वाकले होते, घाम डोळ्यांत जात होता ते बरंच झालं, रडू त्यात लपलं. मधूच्या दुकानासमोर सुमन भेटली.

"कोनाची गादी व?"

"आत्याची. पिंजून आणते. मी झोपणार आहे हिच्यावर."

सुमनने हातातली पिशवी मधूच्या ओट्यावर ठेवली आणि गादीचं दुसरं टोक धरलं. रशीदभाईच्या दुकानापर्यंत मग कुणी काही विचारलं नाही.