लुगड्यातली मांडी

अनुसूयाकाकूंची मुलाखत मिळावी, एवढ्याच हेतूने मी योगवर्गात दाखल झालो. मराठेशाहीच्या काळात पौरोहित्यासाठी झाशीत आलेल्या घराण्यांच्या तोंडी आठवणी मी जमवत आहे, आणि काकू अशाच एका घराण्याच्या थोरल्या सूनबाई. टपाल खात्यातून निवृत्त झालेल्या या बाई दिवसभर कुठे ना कुठे अडकलेल्या असत. “सकाळी क्लासला ये रे पार्थ, तिथंच बोलू,” असे त्यांनी फोनवर सांगितले. पावसाळा सरत आला तरी आमचे बोलणे झाले नाही. माझी मान मात्र आखडली.

वर्ग मानिक चौकामागच्या गल्लीत, मिरचीच्या एका ठोक व्यापाऱ्याच्या गोदामावर भरतो. खोली त्या व्यापाऱ्याने विनामूल्य दिली आहे. खाली पोती हलवली की वर प्राणायाम करणारी सगळी मंडळी एकसाथ शिंकतात. जागा बदलण्याचा प्रस्ताव मी मांडला, तेव्हा “अरे भैया, फुकट की है,” यापलीकडे चर्चा गेली नाही.

शिकवतात मार्तंडराव. एका विद्युत कारखान्यात त्यांनी माल तपासण्याचे काम केले, आणि निवृत्तीनंतर माल नाही म्हणून माणसे तपासायला घेतली. हातात ओळंबा घेऊन ते पाठीच्या कण्यांमधून फिरतात. कणा दोरीला समांतर असेल तर “पास”, नाहीतर “रिजेक्ट”. पांढऱ्या गणवेशाशिवाय प्रवेश नाही. पंखा हवा की नको यावर रोज वाद होतो आणि वर्ग कधीही वेळेवर सुरू होत नाही.

काकूंचा या गोंधळातला वाटा मोठा होता. सार्वजनिक सतरंजीवर पाठ टेकायची नाही म्हणून त्या घरची धाबळी आणत. शवासनाला त्यांचा तात्त्विक विरोध होता. “जिवंतपणी कशाला शव व्हायचं?” असे म्हणून त्या उठून बसत आणि पडलेल्यांशी गप्पा मारत. मी त्याच वेळी प्रश्न विचारण्याचा प्रयत्न करून पाहिला. “श्श, लोकांना झोपू दे,” त्या म्हणाल्या.

तरीही त्या एक दिवस चुकत नसत, कारण गुडघे धरले होते आणि भाद्रपद जवळ येत होता. त्यांच्या घराण्यात गौरीच्या पूजेला बसणारी सून जमिनीवर, पाटावर, मांडी घालूनच बसली पाहिजे. तसे बसता येईनासे झाले की गौरीचे मुखवटे धाकट्या जावेकडे जातात. धाकट्या जाऊबाई म्हणजे प्रेम नगरच्या रजनीकाकू. मागच्या वर्षी काकू कशाबशा टेकल्या होत्या. यंदा रजनीकाकूंनी आधीच जाहीर केले होते, की मुखवटे आपल्याकडे आले तर आपण प्रथाच बदलू, गौरी टेबलावर मांडू आणि पूजा खुर्चीत बसून करू. व्यवहारदृष्ट्या मला ती सूचना बिनतोड वाटली. तसे मी बोललो, तेव्हा काकूंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

श्रावण संपता संपता त्यांची मांडी “पास” झाली. वर्गाने टाळ्या वाजवल्या. घोटाळा गौरींच्या आदल्या आठवड्यात उघड झाला. काकूंनी घरी पाट मांडून, सोवळ्यातले रेशमी नऊवारी नेसून रंगीत तालीम केली, आणि गुडघा खाली जाईना. सगळा सराव सलवार-कुर्त्यात झाला होता! मांडीखाली दबलेला जाड कासोटा आणि ताठ रेशीम यांचा हिशेब कोणीच धरला नव्हता: ना त्यांनी, ना मार्तंडरावांनी, ना प्रत्येक गोष्टीचा पुरावा मागणाऱ्या मी. त्याच दुपारी रजनीकाकूंचा फोन आला, की टेबलावर कापड कुठल्या रंगाचे घालू?

दुसऱ्या दिवशी काकू लुगडे नेसून, काखेत पाट घेऊन जिना चढल्या. मार्तंडराव दारात आडवे आले.

“अनुसूयाजी, यूनिफॉर्म!”

“देवीपुढे तुमचा यूनिफॉर्म घालून बसू?”

“सेफ्टी का सवाल है। लुगड्यात शीर्षासन कसं करणार?”

“शीर्षासन तुम्हीच करा. मला फक्त खाली बसवा.”

मी मध्ये पडून विचारले, की नऊवारीच नेसले पाहिजे याला आधार काय?

“आधार माझी सासू,” काकू म्हणाल्या. “बाजूला हो.”

मार्तंडरावांनी ओळंबा खिशात घातला. “माल जिथं चालवायचा तिथंच टेस्ट करायला हवा होता,” ते स्वतःशीच पुटपुटले. “इन्स्पेक्शन की गलती है।” मग त्यांनी आम्हा पुरुषांना जिन्यात घालवले. आतून बराच वेळ बायकांचे मराठी-बुंदेली वाद ऐकू येत होते: कासोटा सैल करायचा की निऱ्या पुढे ओढायच्या. पाच दिवस वर्गात दुसरे काही झाले नाही. पाचव्या दिवशी निकाल लागला. “कंडिशनल पास.”

पूजनाच्या दिवशी काकूंनी मला घरी बोलावले. त्या पाटावर बसल्या. दोन्ही गुडघे खाली गेले, ओठ घट्ट मिटले. हळदकुंकू, पत्री, सोळा वाती, नैवेद्याची पाने असे सारे त्यांनी सावकाश, काही न गाळता केले. रजनीकाकू मागे खुर्चीत बसून पाहत होत्या. आरती संपली. काकू उठल्या नाहीत. पुन्हा प्रयत्न केला, तरी उठता येईना.

“ताई, उठवत नाही ना?” रजनीकाकू म्हणाल्या. “मी म्हणतच होते. पुढल्या वर्षी मुखवटे आमच्याकडे.”

“नियम बसण्याचा आहे,” काकू वळूनही न पाहता म्हणाल्या. “उठण्याचा कुणी केला?”

रजनीकाकूंनी माझ्याकडे पाहिले. “तू एवढे कागद चाळतोस. सांग.”

कागदोपत्री बसण्याचाही नियम मला कुठे आढळला नव्हता, हे खरे. परंतु प्रश्न उठण्याबद्दल होता. “उठण्याविषयी कोणतीही नोंद उपलब्ध नाही,” मी म्हणालो.

मग रजनीकाकू सुस्कारा टाकून खुर्चीतून उठल्या, पदर खोचला आणि थोरल्या जावेचा दंड धरला.

“नुसती धरून काय उभी राहतेस?” काकू खेकसल्या. “ओढ!”

रजनीकाकूंनी ओढले.