मानेसाठी हंडा

माझं लग्न माझ्या मानेमुळे अडलं होतं.

सुरतेत, पांडेसऱ्याच्या एका मिलमध्ये मी कापड तपासायला होतो. टेबलावरून कापड सरकत राहायचं आणि मी दिवसभर वाकून त्यातले डाग नि तुटके धागे शोधायचो. चार-पाच वर्षांत मानेने तीच बैठक धरली. (देवळात गेलो तरी देवाचे फक्त पायच दिसायचे!)

अमळनेरला मंगलला बघायला गेलो. मला ती मनापासून आवडली. पण तिची आत्या आईला म्हणाली, "मुलगा वर बघतच नाही हो! काही भानगड तर नाही ना?"

"लाजतो हो जरा," आई म्हणाली.

"घोड्याएवढा झालाय आणि लाजतो?"

शेवटी ठरलं, आत्या आणि मुलीचे वडील रविवारी दुपारी आमचं घर बघायला येणार आणि मगच होकार-नकार कळवणार. ही मुलगी हातची गेली असती, तर मी मिलमधल्या त्या टेबलावरच म्हातारा झालो असतो.

डॉक्टरांनी व्यायाम सांगितले. भिंतीला डोकं टेकून उभं राहायचं, हनुवटी आत ओढायची, तळहाताने कपाळ मागे ढकलायचं आणि मान हलू द्यायची नाही. मला असा स्वतःशीच झुंजताना बघून आई वैतागली.

"हे काय नाटक लावलंस? आमच्या गावी बाया डोक्यावर हंडे वाहतात, कुणाची मान वाकली का? घे हंडा नि चाल!"

रविवारी सकाळी तिने रिकामा हंडा माझ्या डोक्यावर ठेवला. सुरतेतल्याच नवागामच्या आमच्या गल्लीतून मी निघालो. छाती पुढे, हनुवटी आत, नजर सरळ. काय सांगू, कित्येक वर्षांनी मला समोरच्या घरांची पत्र्याची छपरं दिसली! बरं वाटलं.

आता, आमच्या गल्लीत नळाला पाणी यायचं पहाटे. दिवसा पुरुषमाणूस हंडा घेऊन निघाला, म्हणजे काय समजायचं लोकांनी?

"पानी उनं वं, पानी उनं!" पाणी आलं म्हणून मागून कुणीतरी अहिराणीत ओरडलं.

भांड्यांचा खणखणाट सुरू झाला. मला मागे वळून बघता येईना (हंडा पडला असता!). नळापाशी पोचलो तेव्हा माझ्या मागे अख्खी गल्ली होती, कळश्या-बादल्यांसकट. एकीने तोटी फिरवली. कोरडी!

"काय रे ए, थट्टा करतोस का आमची?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात समोरून रिक्षातून आत्या आणि सासरे उतरले. दुपारी येणार होते ना हो!

"ह्याला मुलगी देताय?" एक शेजारीण कडाडली. "नळाला थेंब नाही आणि हंडा मिरवत फिरतोय!"

आत्या पुढे आली. माझ्या डोक्यावरचा हंडा उतरवून तिने आत डोकावून पाहिलं.

"घरचं पाणी तुम्ही भरता?"

"रोज!" मागून धापा टाकत आलेली आई म्हणाली. (मी जन्मात एक तांब्या भरलेला नव्हता!)

आठवड्याने होकार आला. लग्नानंतर एका पहाटे मी भीत भीत मंगलला म्हणालो, "त्या दिवशी तो हंडा..."

"रिकामा होता. आत्याने तेव्हाच सांगितलं मला," ती हसली. "म्हटलं, रिकामा हंडा एवढा जपून नेणारा माणूस भरलेला सांडणार नाही."

मला भरून आलं. मान वर करून मी तिच्याकडे बघितलं, तर तिने माझ्या डोक्यावर हंडा ठेवला. नळाला पाणी आलं होतं.